पुढच्या ब्रेकचे पॅड घरी बदलताय? मग आधी पिना बघा

मागच्या उन्हाळ्यात आमच्या इंदूरला सानंद संस्थेचं नाटक बघून रात्री खंडवा रोडनी घरी येत होतो, भंवरकुआच्या सिग्नलला ब्रेक दाबला आणि डाव्या पुढच्या चाकातून चिर्रर्र असा आवाज, ताटावर चमचा घासल्यासारखा. मागे बसलेली आई म्हणाली, अरे गाडीला जरा तेल घाल की. आता ब्रेकला तेल घातलं तर पुढच्या सिग्नलला आपण समोरच्या ट्रकच्या डिक्कीत, पण ते तिला रात्री अकराला कोण समजावणार. आवाज मात्र ओळखीचा होता. पॅडच्या लोखंडी प्लेटला एक छोटी पत्र्याची जीभ लावलेली असते, पॅड झिजत झिजत शेवटाला आलं की ती डिस्कला (चाकासोबत फिरणारी लोखंडी तबकडी, पॅड तिला दोन्ही बाजूंनी दाबतात) टेकते आणि ओरडते, म्हणजे ती ओरडायलाच ठेवलेली असते. सगळ्या पॅडना असते असं नाही, पण असली आणि ओरडली तर पुढच्या पगाराची वाट बघू नका.

मला राग याचा आला की हेच पॅड मी शहरातल्याच एका गॅरेजमधून जेमतेम अकरा हजार किलोमीटर आधी बदलून घेतले होते. दुसऱ्या दिवशी चाक खोललं तर बाहेरचं पॅड अर्ध्याहून जास्त शिल्लक आणि आतलं जवळजवळ प्लेटपर्यंत साफ. एकाच चाकात, एकाच डिस्कच्या दोन बाजूंना. कारण काय तर कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या शिकंज्याच्या, पिना. त्या दिवसापासून हे काम मी घरीच करतो आणि ओळखीपाळखीत सगळ्यांना एकच सांगत असतो की पॅड बदलणं हे पंधरा मिनिटांचं काम आहे, बाकीचा तास पिनांचा.

आधी हे कसं चालतं ते दोन वाक्यात, म्हणजे पुढचं सगळं आपोआप समजेल. बहुतेक छोट्या गाड्यांना (माझी २०१४ ची स्विफ्ट आहे) पुढे जो कॅलिपर असतो त्यात पिस्टन एकाच बाजूला, आतल्या बाजूला असतो. ब्रेक दाबला की पिस्टन आतल्या पॅडला डिस्कवर ढकलतो, आणि त्याच्या उलट जोरानं अख्खा कॅलिपर आतल्या बाजूला सरकतो आणि बाहेरच्या पॅडला ओढून डिस्कवर दाबतो. कॅलिपर सरकतो तो दोन गुळगुळीत पिनांवर. त्या पिना सुकल्या, गंजल्या, जाम झाल्या तर कॅलिपर सरकणार कसा? मग सगळं काम एकटं आतलं पॅड करतं, बाहेरचं आरामात बसून राहतं. संयुक्त कुटुंबातल्या थोरल्या सुनेसारखं.

सामान. चाकाचा पाना आणि जॅक गाडीतच असतो पण गाडीसोबत येणारा जॅक फक्त गाडी उचलायला, उचललेली गाडी धरून ठेवायला नाही. जॅक स्टँड घ्या, आपल्याकडचे मिस्त्री घोडी म्हणतात त्याला. सियागंजात हार्डवेअरच्या दुकानात विचारा, मी जोडी घेतली होती. गोटी पाने पाहिजेत, कॅलिपरच्या बोल्टला साधारण बारा किंवा चौदा नंबर लागतो, गाडीगणिक फरक. एक मोठा सी-क्लॅम्प (इंग्रजी सीच्या आकाराचा, स्क्रूनं आवळायचा शिकंजा), तार ब्रश, काच पेपर, बळकट तार, ब्रेक क्लीनरचा स्प्रे, आणि ब्रेकच्या पिनांसाठी मिळणारं सिलिकॉनचं ग्रीस. हे शेवटचं फार महत्त्वाचं. गॅरेजमध्ये डब्यात असतं ते पिवळं ग्रीस किंवा बेअरिंगचं ग्रीस चालणार नाही, ते पेट्रोलियमवालं असतं आणि त्यानं पिनांचे रबर बूट (पाणी अडवणाऱ्या टोप्या) फुगतात, मऊ पडतात, मग पिना उलट जास्त अडकतात. दहा ग्रॅमची पुडी मिळते, दोन्ही चाकांना पुरून उरते. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानंच बोल्ट आवळणारा पाना) असेल तर उत्तम, नसेल तर शेजारपाजारी मागून आणा, कोणाकडे तरी असतोच.

पॅड घेताना गाडीचं मॉडेल आणि साल दोन्ही सांगा, नुसतं स्विफ्ट सांगून चालत नाही, पेट्रोल डिझेलनंसुद्धा फरक पडू शकतो. चेसिस नंबर मोबाइलमध्ये लिहून न्या. एका डब्यात चार पॅड येतात, म्हणजे दोन्ही चाकांचे, आणि चारही बदलायचे, डावीकडचंच संपलंय म्हणून डावीकडचेच बदलले तर ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला खेचणार. डब्यावर पार्ट नंबर, छापील किंमत, सील नीट बघा, नकली मालाचा बाजार मोठा आहे आणि ब्रेकमध्ये दोनशे रुपये वाचवायची मला तरी हिंमत होत नाही. डब्यात पॅडच्या क्लिपा नवीन आल्या तर सोन्याहून पिवळं, नाही आल्या तर वेगळ्या मागा.

आता जागा. जमीन सपाट आणि कडक पाहिजे. आमच्या कॉलनीत सगळीकडे पेव्हर ब्लॉक आहेत आणि उन्हाळ्यातसुद्धा एखादा खाली बसतो, म्हणून मी घोडीखाली प्लायचा जाड तुकडा ठेवतो. गाडी रात्रभर उभी असलेली बरी, चालवून आणल्याबरोबर डिस्कला हात लावाल तर फोड येईल. हँडब्रेक ओढा, पहिल्या गिअरमध्ये टाका, मागच्या दोन्ही चाकांना पुढून मागून विटा लावा. आणि चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करा, उचलल्यावर ढिले करायला गेलात की चाक फिरत राहतं आणि गाडी जॅकवर हलते, ते बघायला बरं वाटत नाही. मग जॅक लावा, पुढच्या चाकाच्या मागे दाराखालच्या पत्र्याला दोन खाचा असतात तिथेच, दुसरीकडे लावलात तर पत्रा आत जाईल. गाडी घोडीवर टेकवा, चाक काढा, आणि काढलेलं चाक आडवं करून गाडीखाली सरकवून द्या. चुकूनमाकून काही घसरलंच तर गाडी चाकावर पडेल, तुमच्यावर नाही.

एक नियम पाळा, एका वेळी एकच चाक खोला. क्लिप कुठली कुठे होती, जीभ वर होती का खाली, विसरलात की दुसऱ्या बाजूला जाऊन बघता येतं (आरशातल्यासारखं उलटं असतं एवढं लक्षात ठेवा). आणि खोलायच्या आधी दोन फोटो काढाच.

स्टिअरिंग वळवा म्हणजे कॅलिपरची पाठ तुमच्याकडे येईल. तिथे वर एक खाली एक असे दोन बोल्ट दिसतील, पिनांचे. त्यांच्याच जवळ दोन मोठे जाड बोल्ट असतात ते ब्रॅकेटचे (पॅड ज्या चौकटीत बसतात तिचे), डिस्क बदलायची नसेल तर त्यांना हात लावू नका. पिनेचा बोल्ट फिरवताना कधी कधी पिनच सोबत गोल फिरत राहते, तेव्हा पातळ पान्यानं पिनेचं डोकं धरून ठेवा. बरेच जण फक्त खालचा बोल्ट काढतात, कॅलिपर वर उघडतात पुस्तकासारखा, पॅड काढले, घातले, बंद. पटकन होतं खरं. पण वरची पिन तशीच राहते ना, माझ्या गाडीत नेमकी वरचीच जाम होती. म्हणून दोन्ही काढा. कॅलिपर निघाला की तो ब्रेक ऑइलच्या रबरी होजवर (नळीवर) लटकत सोडू नका, होज आतून फाटू शकतो आणि बाहेरून दिसतही नाही. तारेनं सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधून ठेवा. न निघता अडकला तर चपट्या स्क्रू ड्रायव्हरनं पॅडला हळूच मागे रेटा, थोडी जागा झाली की येतो.

जुने पॅड काढून शेजारी शेजारी ठेवा आणि नुसते बघा जरा. नवीन पॅडचा मसाला (डिस्कवर घासला जाणारा थर) साधारण दहा मिलिमीटरच्या आसपास असतो, तीनच्या खाली आला की बदलायचा. आतलं बाहेरचं सारखं झिजलंय का? वरून खाली तिरपं झिजलंय का? तिथेच अर्धं निदान होतं. मग डिस्क. बोट फिरवून बघा, बारीक रेघा असतातच, नख अडकेल इतकी खोल खाच असेल किंवा ब्रेक दाबल्यावर पायाला थरथर लागत असेल तर डिस्कचंही काम आहे. कडेला किंवा मधल्या भागावर किमान जाडी कोरलेली असते मिलिमीटरमध्ये, घासलेल्या भागाची जाडी त्याच्या खाली गेली असेल तर नवीन पॅड घालून काही उपयोग नाही, डिस्क बदला, आणि तीही दोन्हीकडे. पावसाळ्यात सकाळी डिस्कवर जो नारिंगी गंज दिसतो त्याला घाबरू नका, दोनदा ब्रेक लावला की पुसला जातो.

हो, आणि ती काळी पूड फुंकर मारून उडवू नका, कॉम्प्रेसरची हवा तर नाहीच नाही, छातीत जाते. ब्रेक क्लीनर मारून ओल्या फडक्यानं पुसायची.

आता पिना.

त्या दिवशी खालची पिन मी ओढली तर सुळकन हातात आली, थोडं ग्रीस काळं पडलेलं, बाकी ठीक. वरची मात्र येईच ना. ओढतोय, फिरवतोय, बोटं घसरतायत, शेवटी फडकं गुंडाळून पकडीत धरली आणि डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे, दहा मिनिटं, तेव्हा कर्र करत फिरायला लागली आणि मग एकदम निघाली तर मी मागे विटेवर आदळलो. पिन बघितली तर अर्धी लांबी तपकिरी गंजाची, ग्रीसचा थेंब नाही, आणि रबर बूटाला मुळाशी बारीकशी चीर. तिथूनच पाणी जात होतं. म्हणजे आधीच्या वेळी पॅड बदलणाऱ्यानं ही पिन बाहेर काढलीच नव्हती, बाहेरून सगळं चकाचक आणि आत हे. शेजारचा बारावीतला मुलगा बघत उभा होता, तो म्हणे, "भिया, ये तो खिळा है." खिळाच होता.

पिन साफ करायची ती बारीक काच पेपरनं, गंज जाईपर्यंत, पण पिनेला खड्डे पडले असतील तर घासत बसू नका, नवीन पिन आणि बूटाचा किट मिळतो, तोच टाका. ज्या भोकात पिन जाते तेही साफ करायचं, क्लीनर मारून जुनं ग्रीस काढायचं, कापसाची काडी किंवा बाटली धुवायचा छोटा ब्रश छान चालतो (आईला विचारून). दोन पिनांपैकी एकीच्या टोकाला काही गाड्यांत रबराची रिंग असते, म्हणजे वरची खाली आणि खालची वर अशी अदलाबदल करू नका. मग सिलिकॉन ग्रीस पिनेवर पातळ थर, भोकात बचाबचा भरू नका, भरलं तर हवा कोंडते आणि पिन स्प्रिंगसारखी बाहेर येत राहते. पिन घाला, बूटाची कड तिच्या खाचेत नीट बसवा, आणि बोटानं आत बाहेर करून बघा. लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरली पाहिजे. ही चाचणी झाली नाही तोपर्यंत पुढे जाऊ नका.

मग पिस्टन आत ढकलायचा, कारण नवीन पॅड जाड आहेत, जागा लागणार. आधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण ढिलं करा आणि पातळी बघा. पिस्टन मागे जातो तेव्हा ऑइल टाकीत परत येतं, आणि मध्ये कोणी वरून भरलेलं असेल तर ओतून बाहेर येईल. ब्रेक ऑइल गाडीच्या रंगाला खातं, सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा. जास्त असेल तर इंजेक्शनच्या सिरिंजनं थोडं काढून घ्या. पिस्टनवर जुनं पॅड ठेवा, त्यावर सी-क्लॅम्प, आणि हळूहळू आवळा, घाई नाही. सरळ आत जातो पुढच्या चाकाचा. (मागे डिस्क असलेल्या बऱ्याच गाड्यांत तो फिरवत आत न्यावा लागतो, तिथे क्लॅम्पनं जबरदस्ती केली तर कॅलिपर गेला.) जोर लावूनही हलत नसेल, किंवा पिस्टनच्या बूटाभोवती ओल दिसत असेल, तर थांबा आणि चांगल्या मिस्त्रीला बोलवा, ते घरचं काम नाही.

ब्रॅकेटवर जिथे पॅडचे कान बसतात तिथला गंज तार ब्रशनं काढा, नव्या क्लिपा बसवा, कानांना ग्रीसचं नुसतं बोट लावा. पॅड बोटानं सरकत आत गेलं पाहिजे, हातोडी मारून बसवावं लागत असेल तर एकतर गंज राहिलाय किंवा पॅड चुकीचं आहे. जीभवालं पॅड जुनं जिथे होतं तिथेच, बहुतेक गाड्यांत आतल्या बाजूला. मसाल्याची बाजू डिस्ककडे, हे सांगायला हसू येतं पण उलटं बसवलेलं मी या डोळ्यांनी बघितलंय. मसाल्याला ग्रीसचा हात लागला तर ब्रेक क्लीनरनं पुसा आणि वाळू द्या.

कॅलिपर खाली आणा, पॅडवर बसवा, होज पिळला गेला नाही ना बघा, बोल्ट हातानं लावा आणि मग पान्यानं. हे बोल्ट बारीक असतात, साधारण २५ ते ३५ न्यूटन मीटरमध्ये काम होतं, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा, पाईप लावून लटकू नका. चाक लावा, नट समोरासमोरचे आवळत जा, गाडी खाली उतरवा आणि जमिनीवर शेवटचं आवळा. छोट्या गाड्यांना ८५ ते ११० न्यूटन मीटर, इथेही मॅन्युअलचा आकडा खरा. मग दुसरं चाक, हेच सगळं परत.

आणि आता जे सांगतोय ते ठळक अक्षरात वाचा. गाडी सुरू करून हलवायच्या आधी ब्रेकचा पेडल पंप करा. पिस्टन तुम्ही पार आत ढकललाय, पॅड आणि डिस्कमध्ये मोकळी जागा आहे, पहिल्यांदा पाय दाबाल तर पेडल सरळ जमिनीला टेकेल आणि ब्रेक लागणारच नाही. मी पहिल्या वेळी विसरलो होतो. सगळं झालं म्हणून खुशीत गाडी सुरू केली, रिव्हर्स टाकला, ब्रेक दाबला, पाय खाली गेला तो गेलाच, आणि गाडी शांतपणे आमच्या काकूंच्या तुळशीच्या कुंडीकडे. हँडब्रेक ओढला म्हणून वाचलो, कुंडी एक वीतभर लांब होती. काकूंनी गॅलरीतून बघितलं आणि नुसत्या म्हणाल्या, झालं का रे काम? तर इंजिन बंद असताना आठ दहा वेळा हळूहळू दाबा, पेडल कडक झाला की मग इंजिन सुरू करून एकदा परत बघा, मग गाडी हलवा. कितीही दाबून स्पंजसारखा मऊच राहिला तर सिस्टिममध्ये हवा आहे, ती काढल्याशिवाय रस्त्यावर जायचं नाही.

ऑइलची पातळी बघा, कमी असेल तर झाकणावर लिहिलेलंच घाला, डॉट ३ किंवा डॉट ४, सीलबंद बाटलीतलं. माळ्यावरची दोन वर्षांपूर्वीची अर्धी बाटली नको, हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि मग गरम झाल्यावर लवकर उकळतं.

नवीन पॅड पहिल्या दिवशी पूर्ण धरत नाहीत, त्यांना डिस्कशी जुळवावं लागतं. मी रविवारी पहाटे सुपर कॉरिडॉरवर जातो, रस्ता रुंद आणि रिकामा असतो. मागे कोणी नाही बघून ५० च्या वेगावरून मध्यम दाबानं १५-२० पर्यंत आणायची, पूर्ण थांबवायची नाही, मग अर्धा मिनिट मोकळी चालवायची, असं आठ दहा वेळा. थोडा जळका वास येतो, येऊ द्या. त्यानंतर पाच सात मिनिटं ब्रेक न वापरता चालवून थंड करायची. आणि पॅड बदलल्याबरोबर सगळ्यांना बसवून महेश्वरला निघू नका. मानपूरच्या पुढे जो घाट उतरतो तिथे गाडी भरलेली, उतार लांब, आणि ट्रकांच्या मागे सतत ब्रेकवर पाय, ती नव्या पॅडची परीक्षा घ्यायची जागा नाही. दोन तीनशे किलोमीटर शहरात चालवा, मग जा, आणि गेलात तरी दुसऱ्या गिअरमध्ये उतरा.

पन्नास शंभर किलोमीटर झाले की चाकाचे नट परत एकदा तपासा. आणि त्याच वेळी अजून एक गोष्ट करा, थोडं फिरून आल्यावर दोन्ही पुढच्या चाकांजवळ तळहात न्या, डिस्कला टेकवू नका, नुसता जवळ. दोन्हीकडे धग सारखी पाहिजे. एक चाक तव्यासारखं तापलेलं आणि दुसरं कोमट असेल तर कुठलीतरी पिन किंवा पिस्टन अजून अडकतोय, परत चाक काढायचं. माझं पहिल्या वेळी उजवं तापत होतं, कारण डाव्या बाजूच्या पिनांवर तासभर घालवून कंटाळलो होतो आणि उजवीकडच्या नुसत्या पुसून लावल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाऊन परत जॅक काढला.